टेक तिचे, तुकडे माझे

९ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. दादा न्यायला येणार होता, तो आला नाही. राग यायचा नाही असं ठरवून निघालो होतो, तोही आला नाही. म्हणजे सुरुवात झकास.

दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा. घरातच गाण्यांचा स्टुडिओ चालवतो. तिसरा मजला, तीन खोल्या. सगळ्यात आतल्या खोलीत कॉम्प्युटर, दोन स्पीकर, भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या आणि खिडकीवर खिळे मारून लावलेली रजई. माइक कपड्यांच्या कपाटासमोर. कपाट सताड उघडायचं आणि वहिनीच्या कपड्यांत तोंड घालून गायचं. कपडे आवाज पिऊन टाकतात, घुमत नाही. खाली किल्लीवाल्याचं दुकान आहे. त्याचं मशीन किरकिरायला लागलं की आमचं रेकॉर्डिंग बंद. तो जेवायला गेला की आमचे गळे मोकळे.

मला बाहेरच्या खोलीतला दिवाण मिळाला. वहिनीने न सांगता पंखा माझ्याकडे वळवला. ती फार बोलत नाही. त्यांची छोटी दुसरीत आहे, ती दोघींच्या वाटचं बोलून टाकते. तिने विचारलं, तुला कॉलेजातून हाकललं ते हाताने की पायाने.

हाकललं नाही, मीच सोडलं. कॉलेजनेही राहा म्हणून गळ घातली नाही, एवढंच. दोन वर्षं मी चाली लावल्या आणि वर्गातल्या एका मुलीने गायल्या. मग तिला गिटारवाला सापडला. स्नेहसंमेलनात ती दोघं स्टेजवर चढली, मागून मीही चढलो. त्याचा ओठ गेला, माझं वर्ष गेलं.

तिचं नाव या वहीत लिहायचं नाही. ठरलं.

११ फेब्रुवारी

काम डोक्याला ताप नसलेलं. दादा वाढदिवसाची गाणी विकतो. चाल एक, बोल एक, फक्त नाव वेगळं. लोक मुलाचं नाव कळवतात, दादा ते जागेवर बसवतो आणि पाठवून देतो. शेवटी बाईचं गोड हसू. नावं आणि हसू सगळं वहिनीचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने या कपाटात तोंड घालून शेकडो नावं गायली. प्रत्येक गायलेल्या खेपेचा एक टेक, आणि प्रत्येक टेक फोल्डरमध्ये जपलेला. दादाचा मंत्र आहे, एकदा गा, जन्मभर खा.

जुन्या प्रोजेक्टमधला टेक नव्यात घेताना सॉफ्टवेअर विचारतं, कॉपी की मूव्ह. कॉपी म्हणजे मूळ टेक जागेवर राहतो आणि त्याचा जुळा तयार होतो. मूव्ह म्हणजे मुळासकट उचलायचा. मग जुना प्रोजेक्ट उघडला की त्या जागी पोकळ पट्टी दिसते आणि खाली लिहून येतं, फाइल सापडत नाही. दादाने कायम मूव्हवर खूण करून ठेवलीय. डिस्क भरते म्हणे, एका वस्तूच्या दोन कशाला. मला म्हणाला, विद्वान, मशीनने प्रश्न विचारला की विचार करायचा नाही, एंटर दाबायचं.

विद्वान हे माझं इथलं नाव. मधेच शिक्षण सोडलेल्याला शोभून दिसतं.

१६ फेब्रुवारी

जेवताना मी दादाची नक्कल केली. तो हेडफोन घालून स्वतःशी मान डोलावतो तशी. छोटी ताटावर पडायची राहिली. वहिनीही हसली. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडं, आणि आवाज शून्य. टीव्हीचा आवाज बंद करून ठेवावा तसं. मीच हसायचा थांबलो.

ती छोटीला नावाने हाक मारत नाही, टाळी वाजवते. मला बोलवायचं तर चमचा ताटलीवर वाजवते. दादाला विचारलं तर म्हणाला, गळा जपते. गाणाऱ्या बायकांचे नखरे असतात, तुला कळायचं वय झालं की कळेल. माझ्या वयाबद्दल बोललं की माझं डोकं सटकतं. ताट तसंच टाकून उठलो. वहिनीने ते झाकून ठेवलं.

दुपारी लॅपटॉपवरून तिची, जिचं नाव लिहायचं नाही तिची, गाणी पुसायला बसलो होतो. दोन वर्षांचे सगळे टेक आहेत. चांगले, फसलेले, मधेच शिंकलेले. एक ऐकून पुसू म्हटलं. किल्लीवाला जेवून परतला, त्याचं मशीन सुरू झालं, तरी मी ऐकतच होतो.

२० फेब्रुवारी

डोक्यात किडा शिरलाय.

दादा जर नाव बसवतो तर मी वाक्य का नाही बसवू शकत. तिने मला कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही असं वाक्य. शब्द तर सगळे तिने गायलेत, माझ्याच चालींवर. ते वेचायचे, शेजारी शेजारी ठेवायचे, सूर सारखे करायचे. वाक्य असं:

परत ये. चुकले मी. मी तुझी.

"पाखरं परत फिरली" मधला 'परत'. "ये उन्हा, खिडकीत बस" मधला 'ये'. "गल्ली चुकले, दार चुकले" यातला दुसरा 'चुकले', पहिल्यात श्वास लागलाय. "तुझी छत्री राहिली" मधला 'तुझी'. आणि "मी न सांगता निघाले", हा तिने एका दमात गायलेला. तो 'मी' इतका स्वच्छ आहे की पुन्हा पुन्हा तोच लावतो.

तिच्या प्रोजेक्टमधून आज दोन शब्द दादाच्या मशीनवर घेतले, परत आणि ये. मशीनने विचारलं, एंटर दाबलं. दोन्ही शेजारी ठेवून वाजवले. तिने बोलावलं मला. भले माझ्या कात्रीने का असेना.

२६ फेब्रुवारी

जाड्याचा फोन. कॉलेजातला तो एकच माझ्याशी संबंध ठेवून आहे, आणि तिच्याशीही. त्याने न विचारता सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात तिचं पहिलं खरं रेकॉर्डिंग आहे, मोठ्या स्टुडिओत. त्यावर तिचं सगळं ठरणार. आणि तालमीत ती अडखळतेय. ओळ नीट चालते, मधेच एक शब्द गळतो, पुन्हा चालू होते. गिटारवाल्याला जवळ बोलवायचं तर नुसता हात करते. घरच्यांना वाटतंय ताण आलाय.

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. माझ्या चाली सोडून गायला गेली की असं होणार. येऊ दे ताण.

संध्याकाळी 'चुकले' आणि 'तुझी' घेतले. एंटर, एंटर.

२ मार्च

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

दादा बाहेर गेला होता. मी कॉम्प्युटरवर बसलेलो, वहिनी आत आली आणि शेजारी स्टुलावर बसली. माझ्या हातातला माउस काढून घेतला. नावांचं फोल्डर उघडलं आणि खाली जाऊन एका नावावर क्लिक केलं. स्पीकरमधून तिच्या आवाजात, हसऱ्या, तरण्या, हाक आली. छोटीचं नाव.

बाहेरच्या खोलीतून छोटी धावत आली. वेणी अर्धी सुटलेली, तोंडभर हसू. आईने हाक मारली म्हणून. तिने आईकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, आणि चेहरा असा पडला की मला खाली बघावं लागलं. वहिनीने तोंड उघडलं. ओठ त्याच नावाचे झाले. हवासुद्धा बाहेर आली. नाव नाही आलं.

मग वहिनीने पडद्यावर मूव्हवर बोट ठेवलं. त्यावरून बोट उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवलं.

मी विचारलं, टेक पुन्हा जुन्या प्रोजेक्टमध्ये ठेवला तर. तिने मान हलवली आणि हाताने पुसल्याची खूण केली. तिचा तो जुना प्रोजेक्ट दादाने कधीच पुसून टाकलाय. ठेवायला जागाच उरलेली नाही.

जाताना तिने माझा कान धरला, लहान पोराचा धरतात तसा, आणि मूव्हवरची खूण काढून कॉपीवर केली.

मी जाड्याला फोन लावला नाही. काय ऐकू येईल ते माहीत होतं.

४ मार्च

चारही शब्द आज तिच्या प्रोजेक्टमध्ये ठेवून द्यायचे ठरवलं होतं. देवाशप्पथ ठरवलं होतं. लॅपटॉप उघडलाही होता.

तेवढ्यात जाड्याचा फोन. बिचारा चांगल्या मनाने सांगत होता. ती गोंधळते म्हणून गिटारवाल्याने सोपं गाणं निवडलंय, तिच्या तोंडात बसलेलं. "मी न सांगता निघाले." माझं. माझी चाल, त्याची गिटार, मोठा स्टुडिओ. आणि खाली नाव त्याचं लागणार, कारण मला विचारायला मी आहे कुठे.

फोन भिंतीवर मारला. काच गेली, चालतोय.

मग मीच मूव्हवर खूण केली. या खेपेला मशीनने विचारलं तेव्हा मी वाचलं आणि एंटर दाबलं. 'मी' आला. पाचही तुकडे जोडून एक अखंड फाइल केली, वर मोठ्या हॉलसारखा घुमारा चढवला. सुटे तुकडे ठेवायचे का असं विचारलं. नको म्हटलं. क्लीन-अप. तिचं एक अक्षर सुटं ठेवायचं नव्हतं मला.

वहिनी दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

५ मार्च

सकाळपासून ऐकतोय. परत ये. चुकले मी. मी तुझी.

काहीच होत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडलो, नंतर नुसतं ऐकू येतं. चुकले म्हणते पण काय चुकलं ते तिला माहीत नाही. ती गल्ली चुकली होती, दार चुकलं होतं.

दादाने मागून ऐकलं. आवाज छान आहे म्हणाला, ही कोण. वाढदिवसाला चालेल.

९ मार्च

काल तिचं रेकॉर्डिंग होतं. ती माइकपुढे उभी राहिली. गाणं ज्या शब्दाने सुरू होतं तो शब्दच नाही. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा. शेवटी ध्वनिमुद्रकाने दिवे लावले आणि पुढच्याला आत बोलावलं.

डॉक्टरने नाव विचारलं, तिने सांगितलं. तब्येतीबद्दल विचारलं की वाक्य सुरूच होत नाही. स्वतःच्या छातीवर बोट ठेवते आणि मग पुढचं बोलते. जाड्या सांगताना रडला.

मी दादाची कॉलर धरली. तुला माहीत होतं का म्हणून विचारलं. त्याने माझे हात सोडवले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात बोलला.

"गाणारे मिळतात रे. टेक जपावा लागतो."

वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

१० मार्च

तिचा प्रोजेक्ट उघडला. पाच पोकळ पट्ट्या. फाइल सापडत नाही. सुटे शब्द कुठेच नाहीत, मीच पुसले. उरलीय ती एकच फाइल, जोडलेली, घुमारा चढवलेली. सुटी होत नाही. प्रयत्न केला, चाकूने पाणी कापल्यासारखं.

काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणून तीच उचलून पाचही जागी दाखवली. प्रोजेक्टने घेतली.

चांगलं केलं असावं. असावं ना.

१२ मार्च

नाही.

आता तिला त्यातला कुठलाही शब्द हवा झाला की सगळं वाक्य बाहेर पडतं. अख्खं. पेपरवाल्याला. डॉक्टरला. आईने बाहेर निघताना विचारलं, कधी परतशील, तर आईला. बारक्या खोलीतही ते हॉलमध्ये म्हटल्यासारखं घुमतं. घरचे तिला आता एकटं सोडत नाहीत.

दुपारी तिचा फोन आला. तिचा. मला. मी नुसतं हॅलो म्हटलं.

"परत ये. चुकले मी. मी तुझी."

घुमारा मी चढवला होता तसाच. मग हुंदका. तो घुमत नव्हता, तो तिचा होता. काहीतरी दुसरं सांगायला तिने पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी तिने फोन कशावर तरी आपटला. मी आपटतो तसा.

एवढ्यासाठी केलं होतं मी हे सगळं.

१३ मार्च

एक रस्ता आहे. पोकळ पट्टी फाइलचं नाव बघते, गळा कुणाचा ते बघत नाही. त्या नावाचा कुठलाही टेक दिला तर घेते. तिची जोडलेली फाइल काढून घ्यायची आणि पाच सुटे शब्द नव्याने गाऊन तिथे मूव्ह करायचे. कॉपीने बघितलं, पट्टी भरते पण तिकडे तिच्या बोलण्यात जाड्याला काही फरक दिसत नाही. उचललेलंच लागतं.

गायला माझाच गळा आहे. वहिनीने मला खुणेने विचारलं, कळतंय ना काय करतोयस. कळतंय म्हटलं. पाच शब्द गेले तर गेले. मला कुणाशी बोलायचंय.

सगळं झालं की तिला फोन करून म्हणेन, मी चुकलो. आधी काम.

किल्लीवाला जेवायला गेला. वहिनीने कपाट उघडून धरलं.

पहिला गेला. पाखरं — फिरली. बघ, पेन तिथे रेघ ओढतं. दुखत नाही. दाताच्या जागी जीभ जावी तसं.

दुसरा. — उन्हा, खिडकीत बस.

तिसरा, चौथा. गल्ली —, दार —. — छत्री राहिली.

शेवटचा राहिलाय. त्याला सूर लागत नाही. मी मी मी मी मी. लिहून ठेवतो. मी

झालं.

१४ मार्च

— जेवलो नाही.

छोटीने विचारलं, दूध कोणी सांडलं. छातीवर बोट ठेवलं. तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फडकं आणायला गेली. तिला सवय आहे.

आईला फोन केला. घरी कधी, असं तिने विचारलं. सांगायला लागलो, रविवारी घरी —, आणि पुढे नुसता वारा. क्रियापद गेलं की त्याची सगळी रूपं जातात. तिला वाटलं लाइन गेली.

जाड्याने फक्त एवढं कळवलं: ती बोलते. सगळं बोलते. पण तू स्वतः ऐक, मला सांगवत नाही.

१५ मार्च

दादाने परवाचे माझे टेक फोल्डरमध्ये शोधले. नाहीत म्हणून ओरडला. पुरुषी आवाज चांगला होता म्हणे, बाबांच्या वाढदिवसाला चालला असता.

— त्याला मारलं नाही. हात उचलला होता. काय म्हणून मारायचं, ते सांगायला शब्द —

१६ मार्च

फोन वाजतोय. ती.

उचलला. फोन कानाला, पेन हातात. तोंडाला जमलं नाही तर निदान इथे

तिचा श्वास. घुमारा गेलाय.

बोलली. सावकाश, एकेक शब्द ठेवत. आणि मधेच तिच्या गळ्यातून बाप्याचा आवाज, जाड, कपाटात तोंड घालून गायल्यासारखा कोंदट. माझा.

"— कधीच — नव्हते."

पहिला आणि तिसरा माझ्या घशातले. दुसरा आणि चौथा तिचे. लिहायला जातो तर रेघ, पण कानात चारही स्वच्छ

तिने ठेवला नाही फोन. वाट बघतेय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझं ऐकायला थांबलीय.

दोनच शब्द. कालपरवापर्यंत होते. आधी काम म्हणालो

ती विचारतेय, आहेस का. हे तिच्याच आवाजात.

आहे. आहे. ऐक. — —

ऐक ना, — —